हवा

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी रंग विचारतो.
मग वजन. मग किंमत, जरा खालच्या आवाजात.
युलेलियानं दारातच बूट आपटले, बर्फ झाडला
आणि म्हणाली, नदीवर चालणारी सायकल दाखव.
युकॉन, मी म्हटलं, की तिचा एखादा फाटा?
फाटा, ती हसली. माणसं फाट्यावरच तर बुडतात.

फेअरबँक्स. ऑक्टोबरचा शेवट. बाहेर उणे अठरा,
आत शेगडीवर कॉफी करपत होती.
उंची नंतर मोजू, मी म्हटलं,
आधी जमीन सांग.

गावातून विमानपट्टीपर्यंत खडी, दातांसारखी.
उन्हाळ्यात वाळूचे पट्टे,
ओले असले तर बरे, सुकले की चाक गिळतात.
शेवाळाची दलदल, तिचं नाव काढू नकोस.
आणि हिवाळ्यात
स्नोमोबीलनं दाबलेली वाट, दोन हात रुंद,
बाहेर पाय पडला की कमरेपर्यंत.
एकच टायर सगळीकडे चालेल?

नाही. आणि जो हो म्हणेल त्याच्याकडून घेऊ नकोस.
चार इंची खडीवर पळतो, भुसभुशीत बर्फात नांगर होतो.
पाच इंची बर्फावर तरंगतो, खडीवर गाभण गाईसारखा.
सस्पेन्शनचं ओझं कशाला, थंडीत त्याची रबरं आखडतात.
ब्रेक साध्या तारेचे घे.
हबमधलं ग्रीस पुसून मी पातळ तेल घालतो,
नाहीतर उणे चाळीसला चाकंच रुसतात.

माझ्याकडे पैसे एका जोडीचेच आहेत, ती म्हणाली.

मग सांग,
यातल्या कुठल्या जमिनीची भीती वाटते?

जरा वेळ ती कॉफीच्या भांड्याकडं बघत राहिली.
फाट्यापलीकडे टेक्ला राहते.
ब्याऐंशी वर्षांची, गावात यायला तयार नाही.
मी आरोग्यसेविका. तिचं इन्सुलिन
काखेत धरून नेते, कोटाच्या आत, गोठू नये म्हणून.
गेल्या वर्षी दवाखान्याची स्नोमोबील फाट्यात बसली.
बर्फावर पाणी चढलेलं, वरून नवा भुसा, दिसलंच नाही.
सुटा भाग यायला तीन आठवडे.
चालत गेले मी. पोचले तेव्हा
वाक्य तिनं तिथंच ठेवलं.

मी पाच इंची सायकल खाली उतरवली. खिळ्यांच्या टायरची.
करडी होती. तिनं रंग बघितलाही नाही.
अंगठा दे, म्हटलं, दाब. दगड ना?
आता बघ. व्हॉल्व्ह दाबला. फुस्स.
एवढी? अजून. फुस्स. अजून.
टायर जेवून लवंडलेल्या माणसासारखा जमिनीवर पसरला.
सगळे येऊन विचारतात, आणखी काय हवं.
इथं हवं ते एवढंच, की हवा कमी हवी.
डोक्यात गेली की माणूस जातो,
चाकात जास्त राहिली की चाक.

भिंतीवर माझा तक्ता आहे, वीस वर्षं जुना:
खडी बारा, वाळू सहा, बर्फ चार.
तिनं तो बिलाच्या पाठीवर उतरवून घेतला.

एप्रिलमध्ये ती आली, सायकल विमानात घालून.
साखळी ताणलेली. पुढच्या टायरच्या कुशीला
बोटभर चीर, मूसच्या तातीनं शिवलेली,
टाके इतके बारीक की मी चष्मा शोधला.
टेक्लाचे, ती म्हणाली.
म्हणजे आहे ती. मला विचारायचा धीर झाला नव्हता.

आणि तुझा तक्ता चुकलाय.
चारनं फाट्यावर खचते, मी अडीचवर ठेवते.
टायर एवढा मऊ असला की
खाली पाणी असलं तर बर्फाचा आवाज बदलतो.
कसा बदलतो?
ते सांगता येत नाही. ये एकदा.

अजून गेलो नाही. गुडघा, दुकान,
कारणांना काय तोटा.
तक्ता तिथंच आहे. बर्फापुढचा चार खोडून
पेन्सिलीनं लिहिलंय: युलेलियाला विचारा.
गिऱ्हाईक म्हणतं, ही कोण?
मी म्हणतो, आधी जमीन सांगा.